खालच्या ओळीतली अक्षरं

ग्रुपवर उशिरा लिहितोय, माफ करा. मी मानेने लिहितो, आणि मान आता ऐकत नाही.

हणमंत गेला. मलकापूरचा, माझा दोस्त. तेरावाही होऊन गेला.

आम्हा दोघांना एकच आजार. आधी हात गेले, मग पाय, मग बोलणं. कराडच्या दवाखान्यात ओळख झाली.

तिथेच हा कॉम्प्युटर शिकवला. कपाळावर चकचकीत ठिपका चिकटवायचा. स्क्रीनवरचा कॅमेरा तो बघतो. मान हलेल तसा बाण हलतो. अक्षरावर थांबलं की अक्षर उमटतं.

मला बघून आमची मंडळी म्हणाली, "आवं, टिकली लय शोभतीया!"

हणमंत फौजेतला, मी कुंडलचा शेतकरी. त्याने मला लिहिलेलं पहिलंच वाक्य, "नवरी कुंडलची हाय व्हय?"

मी सातवीपर्यंत शिकलेला. लिहायची सवय त्याने लावली. रोज सकाळी त्याचा मेसेज, "उठलास का रं गड्या?"

दिवाळीनंतर एकदा त्याने लिहिलं, "बाण खाली घसराय लागलाय. वर जाईना."

"कॅमेरा पुसून घे. ठिपका बदल."

शालनवहिनींनी कॅमेरा पुसला. ठिपका बदलला.

बाण खालीच.

मग त्याच्या मेसेजमध्ये कीबोर्डच्या खालच्या ओळीतली अक्षरंच यायला लागली. म, न, व, ल, स. अर्थ लागेना.

"कानडी शिकलास व्हय रं?" मी विचारलं.

उत्तर आलं, "न न न न".

माणसांना हाक मारायची त्याची बेल स्क्रीनच्या वरच्या कोपऱ्यात होती.

त्या दुपारी वहिनी परड्यात म्हशीला पाणी दाखवत होत्या. बेल वाजलीच नाही. त्या आत आल्या तेव्हा हणमंत गेला होता. बाण स्क्रीनच्या तळाशी टेकलेला.

अंघोळ घालताना कुणीतरी म्हणालं, "त्यो ठिपका काढा की."

वहिनी म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या. त्यांचं बोलणं हाय त्ये."

आता माझा बाण घसरतोय.

कॅमेरा पुसला. ठिपका नवा आहे. मुलाने माझी बेल खाली आणून दिली. तरी हे लिहिताना वरच्या ओळीतलं एकेक अक्षर गाठायला घाम फुटला. मधेच सोडून द्यावं वाटलं.

हणमंता, रामराम. उठलोय रं गड्या, अजून उठलोय.

सांगली, सातारा, पुणे, कुठेही नुसत्या डोळ्यांवर चालणारं मशीन कुणी वापरत असेल तर लवकर कळवा.

अजून मला उत्तर लिहिता येतंय.