दोन बॅटऱ्या, एक अल्टरनेटर

१४ मार्च, मंगळवार. सकाळी आठला जाऊबाईंचे ऑपरेशन होते आणि भावोजींची गाडी सुरूच होईना.

जन्मभर गाड्यांचे वायरिंग केलेल्या माझ्या या दिरांनी मोठ्या स्पीकरांसाठी दुसरी बॅटरी बसवली होती, पण अल्टरनेटर जुनाच ठेवला होता. दोन्ही बॅटऱ्या भरण्याइतकी वीज तो तयार करत नव्हता. दुसरी बॅटरी लावायची तर अल्टरनेटरही मोठा हवा, हे गिऱ्हाइकांना मात्र ते बजावत आले होते.

“जगाला शहाणपण शिकवता, आणि आपल्याच गाडीत दोन तोंडं, एक घास!” उपाशीपोटी बसलेल्या जाऊबाई म्हणाल्या.

“वहिनी, तुम्ही तरी सांगा हिला,” भावोजी म्हणाले. मी टॅक्सी बोलावली.

टॅक्सीने पोहोचलो तोवर आमची वेळ दुसऱ्याला दिली होती. आता महिनाभर थांबायचे. दुपारभर भावोजी बॉनेट उघडून नुसते उभे होते.

जाऊबाईंची भरलेली पिशवी दाराशीच ठेवली आहे.