प्रयागबाईची ओवाळणी

घोळ माझाच. दोन हजार दोनच्या जिल्हा परिषदेच्या निवडणुकीत मी चांगदेवशेठच्या प्रचाराच्या रिक्षात माईक धरून बसायचो. कॉलेजात एकांकिकेला बक्षीस मिळालेलं, त्यामुळं नुसतं ‘मत द्या’ म्हणून माझं समाधान व्हायचं नाही. एका वस्तीवर ठोकून दिलं, “उद्या सकाळी शेठ मारुतीच्या पारावर आयाबहिणींच्या घरातल्या अडचणी स्वतः ऐकून घेतील.” शेठला खरं तर फक्त ओवाळून घ्यायचं होतं आणि पुढच्या गावाला पळायचं होतं.

प्रयागबाईनं ते खरं मानलं. ती कांदा निवडायला बायांची टोळी घेऊन रोज मंचरला जायची. टेम्पोवालासुद्धा तिच्यापुढं हळू आवाजात बोलायचा. त्या दिवशी खाडा करून तिनं सगळी टोळी पारावर आणली. सून आरतीही होती, हाताला प्लास्टर. हात मोडला होता तिच्या नवऱ्यानं, म्हणजे प्रयागबाईच्याच पोरानं, गोरखनं. गोरख शेठच्या जीपवर झेंडा धरून उभा. आईनं त्याला दोनदा पोलिसांच्या हवाली केलं होतं. दोन्ही वेळा शेठचा फोन गेला, आणि पोरगं जेवायच्या वेळेला घरी. जेवण झाल्यावर आरतीला मार.

शेठनं टिळ्यासाठी कपाळ पुढं केलं. प्रयागबाईच्या ताटातला दिवा जागचा हलेना.

“ओवाळते. पण ओवाळणीत नोट नको, शेठ. शब्द द्या.”

“बोला की, आक्का. रस्ता पायजे का समाजमंदिर?”

“गोरखला पोलिसांनी नेला तर तुमी फोन करायचा न्हाई.”

“आये, घरातलं हितं कशाला काढती?” गोरख जीपवरूनच म्हणाला.

“घरात तू बोलू देतो व्हय?”

शेठ हसला. “आक्का, नवरा-बायकोच्या मधी आमी काय पडणार?”

“पडू नका म्हणूनच सांगती. आजवर तुमीच पडताय.”

बाया हसल्या. शेठनं टोळीवरनं नजर फिरवली, मतं मोजली आणि माझ्याकडं असं बघितलं, जणू त्यातलं एकेक मत मीच बुडवलंय. मी सवयीनं माईक त्याच्या तोंडापुढं धरला. आता त्याला पळता येईना.

“माझा फोन जाणार नाही,” भोंग्यातनं सगळ्या वस्तीनं ऐकलं.

मग प्रयागबाईनं ओवाळलं.

शेठ निवडून आला. अंगावरचा गुलाल उतरायच्या आत गोरखनं आरतीला चुलीतल्या लाकडानं मारलं. प्रयागबाईनं त्याला पुन्हा पोलिसांत दिलं आणि या वेळी स्वतः तिथल्या बाकड्यावर बसून राहिली. फोन वाजला. हवालदारानं तो उभं राहून घेतला, तेव्हाच तिला कळलं. सुटलेला गोरख तिला म्हणतो, “चल आये, टेम्पो हाय.”

ती एस्टीनं आली. गोरख आधी शेठच्या पाया पडायला गेला होता. तो घरी पोचेपर्यंत दाराला आतून कडी, आणि त्याचं अंथरूण अंगणात.

“घर माझ्या नावावर हाय,” आतनं आवाज आला. “ज्यानं सोडवला, त्याच्याकडं जेवाय जा.”

गोरख तेव्हापासून शेठच्या वखारीत झोपतो. शेठला फुकटचा राखणदार मिळाला. आरती टोळीबरोबर मंचरला जाते, टेम्पोत पुढच्या सीटवर बसून.

प्रयागबाईनं मला गाठलं. “बोलवायला भोंगा लावलास ना? मग शेठनं शब्द मोडला, हेबी भोंग्यावरनं सांग. तसंच, नाटकी आवाजात.”

मी हो म्हणालो. आमचं स्पीकरचं दुकान शेठच्याच गाळ्यात आहे, एवढं फक्त बोललो नाही. बाजारात दिसली की ती डोक्यावरची पाटी खाली ठेवते, कानामागं हात धरते आणि ऐकत उभी राहते.