पहिल्या पाटीतला शिंगाडा

या गौरवग्रंथात लिहिणारे बहुतेक जण आदरणीय महाजन सरांचे विद्यार्थी आहेत. मी त्यांच्या वर्गात कधी बसलो नाही. सर मला प्रथम भेटले ते पिंप्राळ्यातल्या टायपिंगच्या दुकानात. दुपारची वेळ होती आणि मी एका लग्नपत्रिकेतली नावे पुन्हा तपासत होतो. सरांनी हाताने लिहिलेला एक अहवाल टाइप करायला माझ्यापुढे ठेवला. तो आमच्याच गावच्या तळ्यावरचा होता. गाव धुळ्याच्या वाटेवरचे. माझे वडील आणि आणखी काही घरे त्या तळ्यात शिंगाड्याचे वेल लावत.

दहावीनंतर माझी शाळा सुटली, पण शुद्धलेखनाची धास्ती काही सुटली नाही. आमच्या बोलीत पाण्याला ‘पानी’ म्हणतात. म्हणून लिहिताना मी जरा शंका आली की ‘ण’ घालतो. सरांनी लिहिले होते, ‘पानातले शिसे’. चूक समजून मी ते ‘पाण्यातले शिसे’ केले. सरांनी कागद वाचला, पण रागावले नाहीत. म्हणाले, “पाण्यातलं शिसं मी आधीच सांगितलंय. ते पानात शिरलं, हेच तर पुढे सांगायचंय.” मग स्टुलावर बसून त्यांनी मला सगळे समजावले.

तळ्याच्या वरच्या अंगाला जुन्या बॅटऱ्या फोडणाऱ्या पत्र्याच्या शेड उभ्या राहिल्या होत्या. तिथले पाणी नाल्याने तळ्यात येई. वेलाची मुळे त्यातले शिसे ओढून घेत. बरेचसे मुळांतच साठे, थोडे पानांत आणि फळांत चढे. वेल कुजला की ते गाळात उतरे आणि नवा वेल त्याच गाळात मुळे सोडी. वेल कुजतो, शिसे कुजत नाही, असे सर म्हणाले.

अहवाल देऊन मोकळे होणे सरांच्या स्वभावात नाही. निवृत्तीनंतरही ते बसने आमच्या गावी आले आणि घरोघर बसून बोलले. आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, ते पटेना. “येल हिरवागार शे, मंग पानी कसं खराब?” सरांनी वेल उपटून मुळे दाखवली. ती काळी आणि आखूड झाली होती, न केलेल्या दाढीच्या खुंटांसारखी. आबा म्हणाले, “मनी दाढी बी अशीच शे, मी मरी गऊ का?” सगळे हसले. सरही हसले, पण मुळे त्यांनी खाली ठेवली नाहीत.

आमच्याकडे हंगामातल्या शिंगाड्यांची पहिली पाटी बाजारात जात नाही, मानाच्या माणसाच्या घरी जाते. त्या वर्षी आबा ती सरांच्या घरी घेऊन गेले. मी सोबत होतो. सरांनी पाटी दोन्ही हातांनी घेतली, खाली ठेवली, पण एकाही शिंगाड्याला हात लावला नाही. आबांचा चेहरा उतरला. त्यांनी हळूच विचारले, “सर, आमना हातनं चालत नही का तुमले?”

सरांनी एक शिंगाडा उचलला, सोलला आणि सावकाश खाल्ला. त्यात काय आहे, हे तिथे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नव्हते. मग म्हणाले, “आबा, तुमच्या हातचं खाल्लं. आता माझं ऐका. बाकीचे कोणाच्या लेकरांच्या पोटात जाऊ देऊ नका.”

आबांनी आणि बाकीच्या घरांनीही उभे पीक काढून तळ्यापासून लांब पुरले. तेव्हापासून आमच्या तळ्यात शिंगाडा नाही. आबा सावद्याला केळीच्या गाड्या भरायला जातात. सरांच्या खटपटीने शेड बंद झाल्या, पण गाळ तसाच आहे. सर दर वर्षी गाळ आणि तळ्याकाठी उगवणाऱ्या पाणकणसाची मुळे तपासून घेतात. निकाल वाईट असला तरी फोनवर कळवत नाहीत, घरी येऊन आबांसमोर बसून सांगतात. गेल्या खेपेला निकाल सांगून त्यांनी चहाचा रिकामा कप खाली ठेवला. “आबा, तुमचं पीक मी घालवलं,” ते म्हणाले.  आबांनी सरांचा कप पुन्हा भरला.

आपला जन्म हा गाळ स्वच्छ व्हायला पुरणार नाही, असे सर म्हणतात. पंचाहत्तरीच्या या प्रसंगी माझे मागणे एवढेच, की त्यांचे हे म्हणणे चुकावे. तळ्यात पुन्हा निर्धास्त खाण्याजोगा शिंगाडा येईपर्यंत सरांनी असावे, आणि तो स्वतः सोलून खाण्याइतके धडधाकट असावे. सरांच्या घरून परत आणलेली ती रिकामी पाटी आबांनी घरात आढ्याला टांगून ठेवली आहे. तिच्यात दुसरे काही ठेवू देत नाहीत.