आडोशापलीकडची झील

"मला काय आंघोळीला बसवलंय का इथं?" शेवंतामावशी आतून ओरडत होत्या आणि बाहेर विलास "आई, दोनच मिनिटं" असं गेली वीस मिनिटं म्हणत होता. वारज्यातला त्याचा तिसऱ्या मजल्यावरचा हॉल. मधोमध सहा फूट उंचीचे, कापड लावलेले, चाकांवरचे चार आडोसे. त्यांच्या आत खुर्चीवर चौऱ्याऐंशी वर्षांची त्याची आई आणि तिच्या तोंडासमोर माइक. मी सोफ्यावर बसून चहा पीत होतो आणि मावशींना आतून जे जे दिसत नव्हतं त्याबद्दल सहानुभूती दाखवत होतो. ती माझी आणि विलासची शेवटची भेट. नवव्या दिवशी सकाळी त्याच्या मुलीचा, प्राचीचा फोन आला. "रशीदकाका, पप्पा गेले," एवढंच म्हणाली. झोपेतच गेला... गादीही माझ्याच दुकानातली होती.

त्याला आता दीड महिना झाला. मला माणसं ओळखतात ती मोठ्या तोंडाचा म्हणून. अर्ध्या पुण्याची झोप माझ्या कापसावर चालते, असं मी चाळीस वर्षं गल्ल्यावर बसून सांगत आलो. विलास समोर असला की डोळेही वर न करता म्हणायचा, "निम्मं कर." मी शंभर म्हटलं की तो पन्नास धरायचा, आणि हिशेब बरोबर जमायचा. आता मी शंभर म्हटलं तर लोक शंभरच धरतात. स्वतःचं बोलणं स्वतःच निम्मं करत बसायचं, हे फार दमवणारं काम आहे.

ओळख झाली तीही गादीवरूनच. टेलिफोन खात्यातून निवृत्त होऊन त्याला महिनाही झाला नसेल. दुकानात आला आणि सगळ्यात दाट गादी कोणती म्हणून विचारलं. मी म्हटलं, झोपायला कुणाला हवीय, पाठीचा त्रास आहे का? "झोपायला नको," तो म्हणाला, "उभी करायचीय." मी तीन पिढ्यांचा गादीवाला, पण हे गिऱ्हाईक नवीन होतं. मग कळलं, त्याला आईचं गाणं रेकॉर्ड करायचं होतं, आणि घर हायवेला लागून. ट्रक गेला की त्याच्या कपातल्या चहावर लाटा उठायच्या. बरं, निम्मं करतो : तरंग उठायचे.

शेवंतामावशी तरुणपणी गायन पार्टीत गायच्या. जयंतीच्या दिवसांत वस्त्यावस्त्यांतून त्यांची भीमगीतं व्हायची. गाणी नवऱ्यानं, म्हणजे विलासच्या वडिलांनी रचलेली. कारखान्यात पाळी करता करता जुळवायचे आणि घरी येऊन बायकोला तोंडपाठ करून द्यायचे. कागदावर एक ओळ नाही. वडील गेल्यावर ती सगळी गाणी मावशींच्या डोक्यात राहिली, आणि आता तिथूनही गळायला लागली होती. दिवाळीत असलेलं कडवं होळीला नसायचं. विलासची घाई होती ती ही.

माझा कापूस त्यानं पहिल्याच महिन्यात नापास केला. लाकडी चौकटी केल्या, त्यांत दगडाची लोकर भरली, जी कारखान्यातल्या भट्ट्यांना गुंडाळतात ती. वरून लावायच्या कापडाची परीक्षा अशी, की त्याला तोंड लावून फुंकायचं. फुंकर पार गेली तर आवाजही आत शिरतो आणि लोकरीत अडकून बसतो, नाहीतर आपटून परत येतो. लक्ष्मी रोडच्या दुकानात विलासनं सत्तर ताग्यांना तोंड लावलं. दुकानदार आधी चिडला, मग घाबरला, शेवटी त्यानं पाणी मागवलं. आडोशांना चाकं लावावी लागली, कारण मावशी ठरल्या वेळी गायच्याच नाहीत. मेथी निवडताना मूड लागला की स्वयंपाकघरात, नाहीतर गॅलरीत कपडे वाळत घालताना. मग हा आडोसे ढकलत मागे. वहिनी म्हणायच्या, घरात नवरा आहे की गोडाऊनचा हमाल, तेच कळत नाही.

पण खरी अडचण ट्रकची नव्हतीच. मावशींना झील लागायची. पार्टीत गाणारा ओळ सोडतो आणि मागचे ती उचलून त्याच्याकडे परत पाठवतात, ती झील. पन्नास वर्षं त्या तशाच गायल्या. मागून झील आली नाही की पुढचं कडवं त्यांच्या तोंडी येतच नसे. आणि विलासला हवा होता आईचा एकटीचा, स्वच्छ आवाज. त्यानं झील आधी रेकॉर्ड करून हेडफोनमधून ऐकवली. मावशींनी हेडफोन काढून ठेवला, कानात माणसं कोंबू नकोस म्हणाल्या. मग झील द्यायला तो स्वतःच उभा राहिला, आडोशापलीकडे. आता विलास गायचा कसा, तर... मेलेल्या मित्राबद्दल बरं लिहावं म्हणतात, म्हणून एवढंच लिहितो की तो मनापासून गायचा. त्याचा आवाज माइकमध्ये शिरायचा. शिरू नये म्हणून आडोसा जाड केला, तर मावशींनाही ऐकू जाईना आणि त्या थांबायच्या. पातळ केला की पुन्हा माइकमध्ये विलास. दीड वर्ष हेच. जे आईला ऐकू जावं ते माइकला जाऊ नये, अशी भिंत तो बांधत होता. मी त्याला एकदा म्हटलं, अशी भिंत अल्लाला जमली नसती. "त्याला माझी आई नव्हती," तो म्हणाला.

त्या शेवटच्या दिवशी आडोशात डोळ्यांच्या उंचीवर त्यानं काचेची खिडकी बसवली होती. बेत असा, की आपण नुसते ओठ हलवायचे, ते बघून आई पुढचं कडवं घेईल. मावशींनी पहिली ओळ सोडली, काचेतून ओठ हलले, आणि त्या आतून म्हणाल्या, "मुका झालास का?" विलास हसला, हरला, आणि त्यानं मोकळा आवाज दिला. मग त्या बावीस कडवी गायल्या. एकही न चुकता, एका दमात. हायवेसुद्धा थांबला होता, हे मी निम्मं करणार नाही. गाणं संपलं तेव्हा विलास घामानं चिंब. "सगळीकडे मीच आहे रे," रेकॉर्डिंग ऐकून तो म्हणाला. "पुढच्या आठवड्यात आणखी एक आडोसा करू."

गेल्या रविवारी प्राचीनं बोलावलं. ती हिंजवडीत कंपनीत आहे. म्हणाली, आता सॉफ्टवेअरनं दोन आवाज वेगळे होतात, दहा मिनिटांचं काम, पप्पांना हवं होतं तसं करता येईल. दीड वर्षाची सुतारकी आणि दहा मिनिटं... पण तिला ते करवत नव्हतं. बापाचा मोबाइलवर दोन-चार निरोपांपलीकडे आवाज नाही. दुसऱ्यांचं रेकॉर्ड करणारा माणूस, स्वतःचं कशाला करतोय. आणि मावशी ते गाणं आता पुन्हा गाणार नव्हत्या, मधली सहा-सात कडवी त्यांना आठवेनाशी झाली होती. मी म्हटलं, ठेव तसंच, बापाला बाहेर काढू नकोस. ती म्हणाली, गाणं आजीचं आहे, आजीला विचारू.

मावशींना ऐकवलं. त्या मांडीवर हात ठेवून, खाली बघत ऐकत राहिल्या. संपल्यावर म्हणाल्या, परत लाव. परत लावलं. तिसऱ्यांदा लावायला लावलं, आणि या वेळी विलासची झील आली की त्यांचं बोट मांडीवर ठेका धरत होतं. वहिनी उठून आत गेल्या. गाणं संपलं तेव्हा प्राचीनं विचारलं, "आजी, पप्पांचा आवाज ठेवू की काढू?"

मावशींनी चष्मा पुसला.

"काढ," त्या म्हणाल्या. "बेसूर आहे."