नेरीनाच्या लग्नाची कडू वाइन

ओत्तोरिनोला आयुष्यात फारसे प्रश्न पडले नव्हते. वेरोना शहराच्या वरच्या टेकड्यांवर त्याचा द्राक्षमळा होता आणि बापाने घालून दिलेली रीत होती. कोर्विना द्राक्षं जास्त, रोंदिनेल्ला थोडी. घड माळ्यावर पसरून हिवाळाभर सुकवायचे आणि चांगले सुरकुतले की रस काढायचा. त्याची दाट, गोड वाइन व्हायची. लग्नकार्यात बिस्किटांबरोबर ती छोट्या पेल्यांतून फिरायची.

धाकट्या नेरीनाचं लग्न जवळ आलं, तेव्हा त्याने तिच्यासाठी राखलेलं लाकडी पिंप उघडलं. एक घोट घेतला आणि तसाच उभा राहिला.

"काय झालं?" बायकोने, इर्माने विचारलं.

"गोड नाही."

"आंबली?"

"आंबटही नाही."

"अरे, मग आहे तरी कशी?"

त्याने पुन्हा घोट घेतला. आधी वाळलेल्या चेरीसारखं काहीतरी लागलं, मग कडसर, आणि मग छातीत अशी ऊब उतरली की कान तापले. "मला कळत नाहीये," तो म्हणाला. इर्मा त्याच्याकडे बघतच राहिली. हा माणूस असं कधी बोलायचा नाही.

पाय मोडून तो बरेच दिवस अंथरुणाला खिळला होता, तेव्हा हे पिंप तसंच पडून राहिलं होतं. त्यामुळे झालं असेल? पण शेजारचं पिंपही तसंच पडून होतं, आणि ते तर मधासारखं गोड निघालं. पण त्यात जेमतेम तळाशीच उरली होती. तेवढ्यात लग्न कसं निघणार?

त्याने वरच्या आळीतल्या, स्वतःही वाइन करणाऱ्या आर्दुइनोला बोलावलं. "बिघडली रे, फेकून दे," असं म्हणत आर्दुइनोने पेला संपवला आणि दुसरा भरून घेतला.

"बिघडलीय ना? मग पितोस कशाला?"

"खात्री करतोय."

ओत्तोरिनोचा गोंधळ आणखी वाढला. बिस्किटाबरोबर ती वाइन औषधासारखी लागली. माशाबरोबर तोंडात लोखंड चघळल्यासारखं झालं. रविवारी इर्माने वैतागून तांब्याभर वाइन घोड्याच्या मटणात ओतली; तिकडे ते आवडीने खातात. कांदा, लवंग, दालचिनी घालून मटण दुपारपर्यंत मंद आचेवर शिजत ठेवलं. ओत्तोरिनोने त्याच्यासोबत मक्याची घट्ट लापशी घेतली, वर तीच वाइन प्यायला, आणि त्याचा हात थांबला.

"आता काय?"

"तीच आहे. पण आता भांडत नाहीये."

इर्माने जुन्या, कडक चीजचा तुकडा पुढे केला. त्याच्याबरोबरही जमलं. "वाइन बदलता येत नाही ना?" ती म्हणाली. "मग लग्नाचं जेवण बदलू."

व्याही गाउदेन्झिओ खालच्या सपाटीवरचा भातशेतीवाला. त्याने आणलेला तांदूळ इर्माने लग्नाच्या दिवशी त्याच वाइनमध्ये शिजवला. जांभळा भात बघून वरपक्ष कुजबुजू लागला. गाउदेन्झिओने घास घेतला, पेला रिकामा केला आणि त्याच्या तळाकडे बघत राहिला. ओत्तोरिनो घाईने पुढे झाला.

"व्याहीबुवा, माफ करा. ती गोड व्हायला हवी होती."

"माफ काय करा? कशी केलीत ते सांगा!"

"खरंच ठाऊक नाही हो."

"आता सोयरे झालो, तरी लपवता? आमच्याकडे टेकड्या नाहीत, द्राक्षं नाहीत, घाबरू नका!"

सगळे हसले. ओत्तोरिनोही हसला, पण व्याह्याला ते खरं वाटलं नाही हे त्याला लागलं. रात्री तो इर्माला म्हणाला, "लोक वाहवा करतायत. कशाची, तेच मला उमगत नाही."

पुढच्या साली त्याने पिंप मुद्दाम तसंच सोडलं, तर वाइन गोडच राहिली. त्याच्या पुढच्या साली लक्ष ठेवलं, तर कडू झाली. नंतर शहरातला शिकलेला थोरला जावई त्याला साखर आणि ती खाऊन टाकणाऱ्या किण्वाचं काहीबाही समजावून गेला. ओत्तोरिनोने मान डोलावली, कळलं थोडंच. कडू वाइन मागायला मात्र माणसं येऊ लागली, आणि त्यांना तो जे असेल ते देई.

म्हातारपणी वसंतात नवं पिंप उघडायच्या दिवशी इर्मा स्वयंपाकघरातून ओरडायची, "मटण टाकू, की बिस्किटं भाजू?"

"थांब गं," तळघरातून आवाज यायचा, "अजून एक घोट घेऊ दे."