कोऱ्या लाकडाच्या पेट्या

दाभोळच्या खाडीवर मोरू सुताराची होडी गळत नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. फळ्यांच्या सांध्यात कापूस ठोकून तो वर असा डामर भरायचा की पाण्याला आत शिरायला वाटच सापडू नये. म्हणून तर त्र्याऐंशीच्या उन्हाळ्यात, युरेनियमच्या शोधात सड्यावरच्या उघड्या कातळावर तंबू ठोकून बसलेले ठोसर साहेब थेट त्याच्या दारात आले. जमिनीत खोल भोक पाडून काढलेले दगडाचे दांडके ठेवायला त्यांना लाकडी पेट्या हव्या होत्या.

“लाकूड कोरं हवं, मोरू. तेल नाही, रंग नाही, डामर तर नाहीच.”

मोरूचं तोंड वाकडं झालेलं पाहून साहेब ओट्यावर बसले आणि समजावू लागले. “युरेनियम पाण्यात विरघळून जमिनीखालून लांब लांब जातं. वाटेत खनिज तेल मुरलेलं असलं, तर डोळ्यांना न दिसणारे जीव त्या तेलावर जगतात आणि सडक्या अंड्यासारख्या वासाचा वायू सोडतात. तो भेटला की युरेनियम पाण्यात टिकत नाही, दगडावर बसतं. असं लाखो वर्षं साचलं की झाली खाण! म्हणून दगडावर तेलाचा डाग दिसला, तर तो मला सोन्यासारखा.”

मोरूने मान डोलावली. पण उघड्या सांध्यांची पेटी द्यायची म्हणजे धोतर सोडून बाजारात जाण्यातली गत. कारागिराचा ताठा, दुसरं काय! आतल्या सांध्यांत त्याने गुपचूप डामर भरला आणि वरून भुसा चोळला. कोण बघतंय?

वैशाखाच्या उन्हाने बघितलं. डामर पाघळला, दगडांना लागला. ते काळे डाग पाहून साहेब अक्षरशः नाचले. तंबूत पेढे वाटले गेले. डाग नेमके सांध्यासमोर आहेत, हे मोरूला बघताक्षणी कळलं. तोंड उघडायची तीच वेळ होती. मोरूने त्या तोंडात पेढा घातला.

नमुने शहरात गेले. इकडे मोरूला अन्न गोड लागेना. बायको, बकुळा, खोदून खोदून विचारायची. हा ताटावरून उठायचा. लाजेने त्याला बायकोकडेही बघवेना.

साहेब परतले ते चेहरा पाडूनच. “भर बैठकीत वरचे साहेब हसले माझ्यावर. म्हणाले, हा पेटीचा डामर आहे. मी छातीठोक सांगितलं, शक्य नाही. माझ्या मोरूला मी समजावलंय, त्याला ते समजलंय.”

मोरूने हातातली पटाशी खाली ठेवली.

“सायब, डामर मीच भरला. तुमी माज्यामुळं खोटं पडलात. पेढा खाल्ला तेवाच मला ठावं व्हतं.”

साहेबांनी दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, “त्याच दिवशी बोलला असतास, तर मी तिथे तोंडघशी पडलो नसतो रे.”

तंबू उठले. टाकून दिलेल्या पेट्या मोरूच्याच अंगणात आल्या. बकुळा त्यांत पावसाळ्याची सुकट भरून ठेवते. कुणी होडी बघायला आलं, की ती कौतुकाने त्यांच्यावर हात ठेवते.

“सायबान करून घेतल्यान ह्या. इतकं पावसाळं गेलं, अजून थेंब आत न्हाय.”

मोरू कापूस ठोकायचं थांबतो आणि उठून खाडीकडे जातो. गिऱ्हाईक गेल्याशिवाय परत येत नाही.