बांधावरच्या निळ्या पिशव्या

मैत्रिणींनो, आज माझा नुसता जळफळाट झालाय!

आमच्या रावेरला केळीच्या घडांना निळ्या प्लास्टिक पिशव्या घालतात. घड कापले की त्या बांधावर पडून राहतात. माझी धाकटी जाऊ सुनीता त्या मागायला आली, तेव्हा मीच म्हटलं, "ने बाई, कचरा तरी हटेल."

आज गावातल्या बचत गटाच्या प्रदर्शनात त्याच पिशव्यांच्या पट्ट्या विणून केलेल्या तिच्या चटया, टोपल्या बायकांनी हातोहात नेल्या. शेजारी सासूबाई मिरवत होत्या. कुणीतरी माझ्याबद्दल विचारलं, तर म्हणाल्या, "ही मोठी सून. हिच्याच मळ्यातला कचरा आहे हा!"

घरी येताना बांधावरच्या सगळ्या पिशव्या गोळा केल्या आणि गोठ्यात कोंबल्या. मला विणता कुठे येतं? पण तिला तरी का मिळू द्यायच्या?

खरं सांगा, तुम्ही दिल्या असत्या?